चौथा पाट

५ जुलै, शनिवार

आले एकदाची. घर भाड्याचंच आहे, पण खाली दोन खोल्या, वर एक, मागे हातभर अंगण आणि अंगणाला लागून लष्कराची भिंत. भिंतीपलीकडे नुसती झाडी, त्यात मोर ओरडतात. अकराव्या मजल्यावर चार वर्षं लिफ्टचे आवाज ऐकल्यावर दिघीतलं हे टोक म्हणजे कानांना सुट्टी आहे. चाकणला कंपनीत जायला सोपं पडेल असं एजंट म्हणाला होता. एजंटच तो. पण आज मी कुणावर चिडणार नाहीये.

सामान हलवणाऱ्यांनी मात्र नाकी नऊ आणले. खोक्यांवर मी ठळक अक्षरांत 'मुखवटे, सावकाश' लिहिलं होतं. एकाने ते वाचलं, खोकं उघडलं, आतला लाल जिभेचा राक्षस बघितला आणि पुढची खोकी उचलायला साफ नकार दिला. ती मग मीच वर नेली. संध्याकाळपर्यंत वरची खोली लागलीसुद्धा. बोहाड्याची सोंगं, म्हणजे आदिवासी पाड्यांवरच्या उत्सवातले मुखवटे, एका भिंतीला, दिवाळीचे जुने कापडी कंदील छताला. गणपतीच्या मखरात पूर्वी टांगायचे ते काचेचे जर्मन गोळे कपाटात. आणि दारासमोर माझा लाडका, शंभर वर्षांपूर्वीचा हॅलोविनचा मुखवटा. जाळीदार कापडाला खळ देऊन साच्यावर दाबलेला, डोळ्यांच्या भोकांपाशी कुण्या पोराच्या घामाचा डाग. आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याने जाताना दिला, आणि तिथून हे वेड लागलं. लोक सणासाठी तोंडं करतात, सण झाला की माळ्यावर टाकतात आणि मी माळे धुंडाळत हिंडते.

पंधरा दिवसांत धाकटी बहीण येईल. स्वरूपाला सहावा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत, हे तिसरं. तिचा नवरा सुजित याला त्याच्या कंपनीने नेमकं आत्ताच गुजरातच्या प्लांटवर धाडलंय. आई-बाबा नाहीत, तेव्हा माझं घर हेच तिचं माहेर. डॉक्टरीणबाईही इथून जवळ, भोसरीत. हे बाळ नीट हातात आलं की मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही.

१३ जुलै, रविवार

चाकणच्या चौकाने आठवडा खाल्ला. कंपनीत मी क्वालिटी बघते, म्हणजे दिवसभर लोकांना त्यांच्या मालात काय खोट आहे ते सांगायचं आणि त्यांचे पडलेले चेहरे बघायचे. त्यावर येता-जाता ट्रकच्या मागे बसून राहायचं. वैताग.

आजचा दिवस मात्र फळला. प्राधिकरणात हरिहरकाका म्हणून एक निवृत्त बँकवाले आहेत, मूळचे परभणीकडचे. बायको गेली, मुलगा परदेशात, आता फ्लॅट रिकामा करतायत. त्यांच्या ट्रंकेत महालक्ष्म्या निघाल्या. आमच्याकडच्या गौरी दोघीच. मराठवाड्यात त्या दोघींपुढे त्यांची पिल्लंही बसतात, एक मुलगा, एक मुलगी. पत्र्याच्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या आणि वर मुखवटे ठेवायचे. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे आहेत, हळदीसारखा पिवळा रंग, नथीची भोकं झिजून मोठी झालेली. दोन मोठ्या, आणि एक मुलगा. रुंद कपाळाचा, फुगऱ्या गालांचा, जरासा रुसलेला. मी तिथेच पाघळले.

पाट मात्र चार. मुलगी कुठे विचारलं तर काका म्हणाले की उंदरांनी खाल्ली, फार वर्षं झाली. त्या पाटावर त्यांची आई नारळ ठेवायची. मग त्यांनी मला विचारलं की मी या मांडणार की कपाटात ठेवणार. कपाटात, असं मी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल पडला. मी निघाले तेव्हा त्यांनी बाहीने पाट पुसून दिले. तीनच पुसले, चौथा तसाच दिला. म्हातारपण, दुसरं काय.

२० जुलै, रविवार

स्वरूपा आली. येताना तीन बॅगा आणि लोणच्याच्या दोन बरण्या, जणू मी तिला उपाशी ठेवणार होते. वर जायला डॉक्टरांची मनाई, म्हणून महालक्ष्म्याच खाली आणून दाखवल्या. बघितल्याबरोबर म्हणाली, ताई, यंदा यांना बसवू या. आईच्या गौरी चुलतभावाकडे गेल्यापासून तिला सणाला जायला घर राहिलेलं नाही. तिने मुखवट्यांच्या तोंडावरून पदर फिरवला तेव्हा माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. मी देवधर्मातली नाही. पण आपल्या संग्रहातली वस्तू तिच्या जागी मांडलेली बघायची हौस कुणाला नसते?

अडचण एकच, तो चौथा पाट. तीन मुखवटे आणि एक रिकामी जागा, दिवसभर डोळ्यांत खुपतेय. अपुरा संच मी कंपनीत गाडीत चढू देत नाही, आणि घरात मांडून बसू? नारळ ठेवायचा म्हणे. नारळाला काय तोंड असतं?

मुलगी मीच करणार. मुलाच्या मुखवट्यावरून शाडूचा साचा काढते, त्यात लगदा दाबते. कागद, मेथीची पूड, डिंक, खळ, सगळं जुन्या पद्धतीने. स्वरूपाने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

२७ जुलै, रविवार

पहिलं पिल्लू फुकट गेलं. साच्यातून निघालं छान, पण या हवेत वाळायचं नावच घेईना. धुणीभांडी करायला इथल्याच जाईबाई येतात, त्या म्हणाल्या, "ताई, ह्ये वाळायचं न्हाई, हवा वल्ली हाय." मी मुकाट्याने पंखा लावला. आज सकाळी बघते तर गालांवर काळी बुरशी. त्यात लगदा वाळताना आकसतो, ही या कामातली कायमची कटकट. साचा मोठा घ्यावा लागतो, किती मोठा ते अंदाजानेच. माझा अंदाज चुकला, मुलीचं तोंड मुलाच्या निम्मं झालं. टाकून दिलं.

स्वरूपाला बारीक ताप आहे. रात्रभर कण्हत होती. व्हायरल असेल, आमच्या कंपनीत निम्मे लोक खोकतायत.

३ ऑगस्ट, रविवार

दुसरं पिल्लू. या वेळी माप जमलं, बुरशी नाही, मी खुशीत होते. दुपारी उन्हाची तिरीप आली म्हणून अंगणात ठेवलं आणि चहा टाकून येते तोवर कपाळापासून नाकापर्यंत तडा. मी दात-ओठ खात तिथेच उभी राहिले. तेवढ्यात आतून स्वरूपाची हाक. ओटीपोटात कळ आली होती, भिंत धरून बसली होती. पाच-दहा मिनिटांनी थांबली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळ ठीक आहे, विश्रांती घ्या. विश्रांती, विश्रांती. ती बिचारी दुसरं काय करतेय?

खालच्या खोलीत पत्र्याच्या कोठ्या आणून ठेवल्यात, त्या अधूनमधून टक् असा आवाज करतात. पत्रा तापतो, निवतो, त्याचा आवाज. जाईबाई म्हणतात आत उंदीर आहे. मी कोठी उचलून उलटी करून दाखवली, उंदीर नाही. पुन्हा टक्. त्या हसल्या आणि मी उगाच चिडले.

१० ऑगस्ट, रविवार

तिसरं पिल्लू वाकडं झालं. एक गाल वर, एक खाली, अर्धांग झाल्यासारखं. तीन आठवडे झाले. दर रविवारी तेच, कागद भिजवा, वाटा, दाबा, वाट बघा आणि शेवटी पहिले पाढे पंचावन्न. आठवडाभर दुसऱ्यांचा खराब माल परत पाठवते मी, आणि घरी स्वतःच्या हाताने एक धड तोंड करता येत नाही. राग असा डोक्यात गेला की मी ते अंगणात आपटलं आणि टाचेखाली चिरडलं. भुगा होईपर्यंत.

चप्पल काढून आत आले तर स्वरूपा बाथरूमच्या दारात. साडीवर रक्त.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज घरी सोडलं. बाळ वाचलं. हे वाक्य मी पुन्हा एकदा लिहिते, बाळ वाचलं. आता अंथरुणातून उठायचं नाही, जिना नाही, धक्का नाही. सुजित दोन दिवस येऊन गेला. त्याच्या साहेबाने पुढची रजा नाकारली. फोनवर मी त्या साहेबाला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्वरूपा पडल्या पडल्या पोटावर हात ठेवून बाळाशी बोलते. आतून ढुशी मारतं म्हणे. माझा हात धरून तिथे ठेवला. आधी काही नाही, मग अचानक तळव्यावर एक टिचकी. मी बहिणीसमोर सहसा रडत नाही. आज रडले.

महालक्ष्म्या राहू देत यंदा, असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही. बाळासाठी बसवायच्याच, चौघंही हवीत, मुलगी तू पूर्ण कर. तिला आत्ता नाही म्हणणं माझ्याच्याने होत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

चौथं पिल्लू झालं. मनासारखं झालं, पण मन खूश नाही.

फारच सहज झालं. बाहेर दिवसभर झिमझिम असूनही एका रात्रीत वाळलं. तडा नाही, बुरशी नाही, माप मुलाला जोडीचं. साचा मुलाचा, तेव्हा तोंड मुलासारखं यायला हवं. पण हिचं कपाळ अरुंद आहे, हनुवटीला खळी. मुलाला खळी नाही. साच्यात खोट आली असेल म्हणून साचा तपासला. बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत आहे.

खळी स्वरूपाला आहे. आईलाही होती.

ठीक आहे. वस्तू चांगली झाली तर तिचे दोष शोधत बसायचे, हा धंद्याचा रोग. पिवळा रंग दिला, डोळे काढले. डोळे काढताना तेवढी अस्वस्थ झाले.

३१ ऑगस्ट, रविवार

आज आवाहन. सकाळपासून जाईबाईंनी दारापासून खोलीपर्यंत रांगोळीची पावलं काढली, आत येणारी. कोठ्यांना आईच्या दोन साड्या नेसवल्या. मी कंपनीतल्यासारखं अंतर मोजत होते, सगळं रेषेत हवं. जाईबाई म्हणाल्या, "देव हायती ते ताई, नट-बोल्ट न्हाईत." स्वरूपा खूप दिवसांनी खळखळून हसली.

डॉक्टरीणबाईंनी दारापासून खोलीपर्यंत चालायची परवानगी दिली होती. मोठ्या दोघी आणि मुलगा मी आत आणले. मुलीला स्वरूपाने स्वतः आणलं, पोटाशी धरून, पदराखाली झाकून. मी उंबऱ्याच्या आतून विचारलं कोण आलं. महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी. मग तिने आईच्या पद्धतीने पुढचंही विचारून घेतलं, एकटी आली का, आणि स्वतःच उत्तर दिलं, लेकराबाळांसकट आली.

चारही पाट भरले. मी लांब उभी राहून बघितलं. संच पूर्ण. इतक्या आठवड्यांचा वैताग, आणि आता समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चौघांचे डोळे चार दिशांना असायला हवेत, मुलीचे तर मीच काढलेत. पण कुठूनही बघितलं तरी चौघं स्वरूपाकडे बघतायत.

ती दमून झोपली. संध्याकाळी म्हणाली, आज बाळ गप्प आहे, तेही दमलं असेल.

१ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

रजा टाकली. पूजा कशीबशी. स्वरूपा म्हणते कालपासून ढुशी नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, गूळपाणी दिलं, गार पाणी दिलं. नाही.

भोसरीला निघालो. रिक्षावाला मोशीच्या बाजूने वळला, तिथे रस्ता खोदलेला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की स्वरूपानेच मला गप्प केलं.

दुपार

ठेवून घेतलंय. यंत्रावर ठोके आहेत. मंद आहेत, पण आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात कारण कळत नाही, सगळं जागच्या जागी आहे, बाळ नुसतं स्वस्थ आहे. स्वस्थ. हा काय शब्द झाला? संध्याकाळपर्यंत वाट बघू, मग बाहेर काढू म्हणतात. आठव्या महिन्यात. सुजित विमानाने आला, तो तिच्यापाशी आहे. मला कपडे आणायला घरी पाठवलं.

घरी आले. जाईबाई दार ओढून घेऊन गेलेल्या. खोलीत गेले आणि टक्.

ऊन नाही. पत्रा तापायला ऊनच नाही आज.

टक्. दोघींतल्या धाकट्या महालक्ष्मीच्या कोठीतून. साडीच्या निऱ्या हलल्या. पोटाच्या उंचीवर. वारा असेल म्हणून खिडकी लावली. पुन्हा हलल्या.

मी हात ठेवला.

आधी काही नाही. मग तळव्यावर टिचकी. तीच. पंधरा ऑगस्टची. पत्र्याच्या आतून, माझ्या हाताला—

थोड्या वेळाने

लिहिलं नाही तर वेड लागेल.

पहिला विचार, ते मुलीचं तोंड तिथून उचलायचं. उचललं. पाटावरून जेमतेम वर आलं आणि फोन वाजला. सुजित. ताई, ठोके खाली गेले, डॉक्टर धावतायत. मी मुखवटा परत ठेवला. फोन कानाला तसाच. त्याने सांगितलं, आले, आले परत.

नारळ ठेवून बघितला, मुखवटा बाजूला करून. पुन्हा फोन.

आता हात लावत नाही. पहिल्याला बुरशी, तिला ताप. दुसऱ्याला तडा, तिला कळ. तिसरं मी टाचेखाली— माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं. दर रविवारी. माझं कामच खोट शोधण्याचं आहे आणि मला ही दिसली नाही.

हरिहरकाकांना फोन केला. काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, नारळ ठेवलात ना. मी सांगितलं, तोंड केलं. तिकडे म्हातारा रडायला लागला.

त्यांची मुलगी खरंच उंदरांनी खाल्ली होती. त्यांच्या आईला रिकामा पाट बघवेना, म्हणून तिने नवं तोंड केलं. काका तेव्हा सहा वर्षांचे. धाकटी बहीण पाळण्यात. विसर्जनाला मुखवटे हलवले आणि पाळण्यातली थंड झाली. ज्याचं तोंड त्या पाटावर बसतं तो महालक्ष्म्यांचं लेकरू होतो, आणि लेकराला माहेरी ठेवून त्या जात नाहीत. चौथी जागा त्यांना भरलेलीच हवी असते. नारळ त्यांना चालायचा, पण एकदा तोंड बसलं की मग नारळ चालत नाही. हे आधी का सांगितलं नाहीत, म्हणून मी किंचाळले. ते म्हणाले की कपाटात ठेवणाऱ्याला काय सांगायचं, तुम्ही तर कपाटात म्हणालात.

खरंच म्हणाले होते मी.

मी विचारलं, उद्या हलवल्याच नाहीत तर? म्हणाले, मूळ नक्षत्र लागलं की त्या निघतात. आपण हलवा, न हलवा.

फोन ठेवताना म्हणाले की त्यांची आई मरेपर्यंत एकच गोष्ट घोकत होती. त्या पाटावर मी माझं तोंड का नाही केलं.

संध्याकाळ

दवाखान्यात जाऊन कपडे देऊन आले. स्वरूपा शुद्धीवर, हसली. म्हणाली ताई, आज नैवेद्याला पुरणपोळी राहिली ना गं. डॉक्टरीणबाई आज बाहेर काढत नाहीत, ठोके स्थिर आहेत, उद्या सकाळी ठरवू म्हणतात. बाळ बाहेर काढून काय उपयोग, ते तिथे नाहीये, हे मी कुणाला सांगू? सुजित इंजिनिअर आहे. मी पण आहे.

तिच्या हनुवटीची खळी बघितली आणि घरी आले.

महालक्ष्म्यांसमोर बसून त्यांना वाटेल ते बोलले. तुम्हीही माहेरवाशिणी, ती पण माहेरवाशीण. माझ्या दारातून तुमच्या लेकीला पोटाशी धरून आत आणलं तिने. असं करतात का? माहेराला येऊन भावजयीचं, बहिणीचं लेकरू उचलून नेतात का? टक्.

खळ शिजवून ठेवली. कागद भिजत घातले.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळ. उजेड बरा आहे. माझ्या तोंडाला तूप लावलं, कागद चिकटू नये म्हणून. कागदाच्या पट्ट्या, खळ कोमट. एक डोळा आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवल्यात. लिहायला तेवढा डोळा पुरे. ओठांवरून पट्टी गेली, आता फोनवर बोलता येणार नाही. सुजितला कळवलं, माझा घसा बसलाय, मेसेज कर.

भीती वाटतेय. लिहून टाकते म्हणजे झालं.

पहिला थर बसला. एक गोष्ट आत्ता लक्षात आली. माझं तोंड मोठ्या माणसाचं, पाट पिल्लाचा. मापात बसणारच नाही. क्वालिटीची बाई, आणि माप घ्यायला विसरले. काय म्हणावं.

दुसरा थर. आरशासमोर बसले आहे. सुजितचा मेसेज, ठोके थोडे वाढले.

तिसरा. वाळतोय. पावसाळ्यात इतक्या लवकर वाळत नाही कधी—

कोठीतला आवाज कमी. मोजून बघत नाही, पण कमी.

पाटावरच्या मुलीकडे बघितलं. गालाला पाणी सुटलंय. खळी भरली. नाक ओघळतंय. नुसता लगदा.

सुजित. ढुशी मारली. डॉक्टर हसल्या. स्वरूपा रडतेय आणि मावशीला सांगा, मावशीला सांगा म्हणतेय.

मावशी.

कोठी गप्प. पूर्ण गप्प.

झालं. आता काढते, पाटावर ठेवते, आणि दवाखान्यात—

कड सापडत नाही. कानामागे बोट घालून बघितलं. कागद कुठे संपतो आणि मी कुठे—

तूप लावलं होतं. नीट लावलं होतं.

रांगोळीची पावलं. परवा आत येत होती. जाईबाईंनी काढलेली, मी स्वतः बघितलीयत. आता सगळी दाराकडे तोंड करून—

स्वरूपाला सांगायचं, मुलगी झाली तर तिला मुखवटे दाखवू नकोस. हॅलोविनचा तेवढा दे. तो साधा आहे. त्यात फक्त घामाचा—

आकसायला लागलाय. कपाळ आधी. नेहमीपेक्षा जास्त आकसतोय. पेन हातात मोठं वाटतं. पाट जवळच आहे, एवढा उंच नव्हता

माप बरोबर येतं